न पाहता लिहिलेल्या चार ओळी

आमच्या वर्तमानपत्राच्या शुक्रवारच्या पुरवणीत, शेवटून दुसऱ्या पानावर, डाव्या हाताला एक सदर असायचं. 'या आठवड्यात पाहण्यासारखं.' शहरातल्या कलादालनांत काय लागलंय आणि त्यातलं काय बघायला जावं, एवढाच त्याचा मामला. प्रत्येक प्रदर्शनाला चार ओळी. लिहिणाऱ्या बाईंनी पाचवी मागितली असती तर कुणी नाही म्हणालं नसतं, पण तेवीस वर्षांत त्यांनी ती मागितली नाही. म्हणून ऑफिसात त्यांचं नाव पडलं चारओळी. तोंडावर बाई, पाठीमागे चारओळी. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं.

ते पान मी लावायचो. आमची टेबलं एकमेकांना चिकटलेली होती आणि दोघांत मिळून एक फोन होता. त्यामुळे पुढे जे झालं, त्यातलं बरंचसं मी स्वतः ऐकलेलं, पाहिलेलं आहे. उरलेलं त्यांनीच सांगितलं.

बाई मुळात प्रूफं वाचायच्या. चित्रकलेतलं त्यांना काही कळत नव्हतं. आधीचे कलासमीक्षक दुसऱ्या पेपरात गेले, तेव्हा त्या वेळच्या संपादकांनी त्यांना बोलावून विचारलं, "तुम्हाला चित्रांतलं काही समजतं?" बाई म्हणाल्या, नाही. संपादक म्हणाले, "मग उत्तम. ज्याला समजतं तो फार लिहितो." झालं, तेव्हापासून सोमवार, मंगळवार, बुधवार बाई पायाला भिंगरी लावल्यासारख्या फिरायच्या. दिवसाला पाच-सहा दालनं. बुधवारी पाचला परत यायच्या, चपला टेबलाखाली सरकवायच्या आणि लिहायला बसायच्या.

त्यांच्या चार ओळींत दोन गोष्टी अशा असायच्या, ज्या दुसऱ्या कुठल्या पेपरात नव्हत्या. पायऱ्या किती, आणि बसायला जागा आहे का. "दुसरा मजला, चौतीस पायऱ्या, कठडा डावीकडे. आत एक बाक, पण पाठ टेकता येत नाही." असं. संपादक बदलले, पुरवणीचा आकार बदलला, ही ओळ राहिली. नियम एकच होता आणि तो त्यांनी स्वतःच घालून घेतला होता. पाहिल्याशिवाय लिहायचं नाही.

मी त्यांच्या शेजारी बसायला लागलो तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती आणि गुडघे गेलेले होते. जिना चढताना नाही, उतरताना जास्त दुखतं, असं त्या सांगायच्या. पण गुडघ्यांपेक्षा डोळे थकले होते. "अजीर्ण झालंय रे डोळ्यांना," एकदा म्हणाल्या. त्या आठवड्यात त्यांनी काय काय पाहिलं होतं? एका खोलीत जळक्या गाद्यांची चळत. दुसरीकडे एक माणूस बेसिन पाण्याने भरतोय, ते भरून वाहतंय, तो नळ बंद करतोय, पुन्हा सोडतोय, अशी पन्नास मिनिटांची फिल्म. तिसरीकडे जुन्या दारांच्या कड्या, हजारभर, छतापासून दोऱ्याने लोंबणाऱ्या. "चांगलं होतं का?" मी विचारलं. बराच वेळ आठवत बसल्या. मग म्हणाल्या, "कड्या चांगल्या होत्या. म्हणजे असाव्यात. मी तिथे उभी असताना पुढचा जिना मोजत होते."

घरी त्या आणि त्यांची मोठी बहीण, दोघीच. ताई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. तोंडाने फटकळ. ताईंना या सगळ्याचं कोडं होतं. "अगं, वेड्यांच्या बाजारात तू रोज सकाळी डबा घेऊन जातेस," असं त्या म्हणायच्या आणि डबा मात्र स्वतः भरून द्यायच्या. तेवीस वर्षांत ताई एकाही प्रदर्शनाला गेल्या नाहीत. आणि आम्ही ऑफिसातले? मीसुद्धा पान लावून घरी जायचो. बाई बघून यायच्या, लिहायच्या, लोक वाचायचे. कोण जातं, कोण जात नाही, हे कुणाला माहीत.

त्या बुधवारी बाईंची पाच दालनं बघून झाली होती. सहावं एका जुन्या छापखान्याच्या इमारतीत होतं, चौथ्या मजल्यावर. लहानसं दालन, नवखी चित्रकार. वय सत्तर, आयुष्यभर एका तपासणी प्रयोगशाळेत नोकरी केलेली, आणि हे पहिलंच प्रदर्शन. नाव होतं 'नमुने'. पत्रिकेत लिहिलं होतं, 'सूक्ष्मदर्शकाखालच्या जगाशी तीस वर्षं जडलेलं नातं.'

बाई समोरच्या बसथांब्यावर जरा टेकल्या. इमारत दिसत होती. चौथ्या मजल्याच्या खिडक्याही दिसत होत्या. "रस्ता ओलांडायचा तेवढा राहिला होता," त्या मला नंतर म्हणाल्या. "उठायचं म्हणून हात टेकला, आणि तेवढ्यात आमच्या ऑफिसकडची बस आली. मी चढले. ठरवून नाही. पाय चढले आणि मी त्यांच्याबरोबर गेले."

संध्याकाळी त्यांनी पत्रिका समोर ठेवून चार ओळी लिहिल्या. "तीस वर्षं सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या पेशींची नाजूक रेखाटनं. पाहायला वेळ काढून जावं. चौथा मजला, लिफ्ट आहे. बसायला बाक आहे." त्या इमारतीत त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या, तेव्हा लिफ्ट होती, बाकही होता. मी ओळी पानात बसवल्या. मला काहीच वेगळं वाटलं नाही. त्या नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर घरी गेल्या, एवढं मात्र लक्षात आहे.

सोमवारी फोन आला. मीच उचलला. पलीकडचा माणूस म्हणाला, "ते पायऱ्या लिहितात ना, त्या बाईंना द्या." आवाज एवढा मोठा की बाईंनी फोन कानाला लावल्यावरही मला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या. हे गृहस्थ पस्तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. घसा त्या नोकरीत कमावलेला. बायको सहा वर्षांपासून चाकाच्या खुर्चीत. दर शनिवारी ते तिला बाहेर काढायचे, आणि कुठे न्यायचं ते आमच्या सदरावरून ठरायचं. चित्रांसाठी नाही, पायऱ्यांसाठी. जिथे पायऱ्या नाहीत किंवा लिफ्ट आहे, तिथे ते जायचे.

"बाई, तुमची लिफ्ट काही चालू नव्हती," ते म्हणाले. "दाराला आडवी फळी ठोकलेली. वॉचमन म्हणाला, सात महिने बंद आहे. मी म्हटलं, पेपरात आहे म्हणून लिहिलंय. तो म्हणाला, मग पेपरातल्या लिफ्टने जा."

बाईंनी शुक्रवारची पुरवणी पुढे ओढली.

"दोन बस बदलून आलो होतो. परत काय जायचं? हिची खुर्ची खाली पॅसेजमध्ये लावली आणि मी वर गेलो. म्हटलं, एकेक भिंत बघायची, खाली येऊन हिला सांगायची. दोन भिंती सांगितल्या. तिसऱ्यांदा चढताना छाती धडधडायला लागली, मग ही म्हणाली, पुरे."

"माझी चूक झाली," बाई म्हणाल्या.

"होते चूक. त्यासाठी फोन नाही केला. मला एक विचारायचंय. तुम्ही पेशी लिहिलंय. तिथे पेशी एकही नाही हो. माणसं आहेत, बाकावर बसलेली, पाठमोरी. मी दोन्ही खेपांना नीट पाहिलं. आता तुम्ही जाणकार, तुम्हाला ती पेशींसारखी दिसली असतील. तसं काही आहे का? म्हणजे मी हिला चुकीचं तर नाही ना सांगितलं?"

त्यांनी बाईंसाठी दार उघडून ठेवलं होतं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी बाईंकडे पाहिलं नाही, समोरच्या पानाकडे बघत राहिलो.

"तुम्ही बरोबर सांगितलंत," बाई म्हणाल्या. "मी गेलेच नव्हते. न बघता लिहिलं."

मग कंडक्टर म्हणाले, "असं. म्हणजे मी पाहिलं ते बरोबर होतं." आणि थोडं थांबून, "आणि आधीची?"

"ती सगळी पाहिली होती."

"बरं," ते म्हणाले. त्या 'बरं'मध्ये विश्वास होता की नुसतीच रीत, हे बाईंना कळलं नाही. त्यांनी मला विचारलं, मला तरी काय कळणार.

मंगळवारी बाई तिथे निघाल्या. मी म्हटलं, मी येतो. त्या नको म्हणाल्या नाहीत, यावरूनच काय ते समजलो. वॉचमनने फळी ठोकलेलं दार हाताने दाखवलं आणि पुन्हा डुलकी घेतली. बाई एका हाताने कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढत होत्या आणि पुटपुटत मोजत होत्या. पहिल्या मजल्यावर कुलपं. दुसऱ्यावर शिलाई मशिनांचा खडखडाट, दारात चिंध्यांची पोती. तिथे त्या पोत्यावर बसल्या, पाच मिनिटं. तिसऱ्यावर पुन्हा बसल्या, या वेळी सरळ पायरीवर. "तो माणूस हे दोनदा चढलाय," एवढंच म्हणाल्या. वर पोचल्या तेव्हा आकडा होता शहाऐंशी.

आत बाक नव्हता. एक स्टूल होतं आणि त्यावर एक किडकिडीत बाई बसल्या होत्या, केस आखूड कापलेले, चष्मा गळ्यात. आमच्या बाईंनी दम खाऊन स्वतःची ओळख सांगितली आणि त्याच श्वासात काय केलं तेही सांगून टाकलं.

चित्रकार बाईंना धक्काबिक्का काही बसला नाही. "मला वाटलंच होतं, पत्रिकेवरून लिहिलेलं असणार," त्या म्हणाल्या. "पत्रिका भाच्याने लिहिली. त्यानेही चित्रं पाहिली नव्हती." मग स्टुलावरून उठून त्या म्हणाल्या, "तुम्ही बसा आधी. चित्रांत बाकच बाक आहेत, इथे बसायला मात्र एक नाही. आधीच्या मालकाने नेला."

चित्रं एक्केचाळीस होती. साध्या निळ्या बॉलपेनने, वहीच्या कागदाएवढ्या कागदांवर काढलेली. प्रत्येकात प्रयोगशाळेबाहेरचा बाक आणि त्यावर बसलेली माणसं, सगळी मागून. मानेवरचे केस, शर्टाची दुमडलेली कॉलर, मांडीवर घट्ट धरलेली पिशवी जी मागून थोडीशीच दिसते. एक बाई चप्पल काढून पाय पायावर ठेवून बसलेली. दोन माणसं एकाच घरची असावीत, पण बाकाच्या दोन टोकांना. एकाची मान मागे पडलेली, झोपलेला.

"चेहरे का नाहीत?" मी विचारलं.

"मला दिसायचेच नाहीत. माझी खिडकी त्यांच्या पाठीमागे होती," चित्रकार बाई म्हणाल्या. "काचेखाली त्यांचं रक्त आणि काचेबाहेर त्यांच्या पाठी. रिपोर्टात काय येणार ते मला त्यांच्या आधी कळायचं. सांगायची परवानगी नव्हती. मग मी बघत बसायचे. घरी गेल्यावरही दिसायच्या, म्हणून काढायला लागले."

आमच्या बाई स्टूल सरकवत सरकवत एकेका चित्रापुढे बसत होत्या. सतराव्या की अठराव्या चित्रापुढे त्या खूप वेळ थांबल्या. मी जवळ गेलो तर त्यांना झोप लागली होती. मी हलवणार तेवढ्यात चित्रकार बाईंनी मान हलवून नको म्हटलं. दहाएक मिनिटांनी बाई आपणच जाग्या झाल्या आणि ओशाळल्या.

"त्यात काय. माझ्याकडे बसलेले सगळे असेच झोपायचे," चित्रकार बाई म्हणाल्या. "वाट बघणं दमवतं माणसाला."

उरलेली चित्रं बाईंनी उभं राहून पाहिली. उतरताना त्या मोजत नव्हत्या.

त्या आठवड्याच्या सदरात बाईंनी पहिल्या जागी दुरुस्ती लिहिली. तीही चार ओळींत. "गेल्या शुक्रवारी या सदरात 'नमुने' हे प्रदर्शन मी न पाहता लिहिलं. ती पेशींची चित्रं नाहीत, रिपोर्टची वाट पाहणाऱ्या माणसांची आहेत. लिफ्ट बंद, पायऱ्या शहाऐंशी, बसायला एक स्टूल. आता पाहिलं आहे. जमेल त्यांनी जावं."

संपादकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. नवे संपादक, माझ्याच वयाचे, माणूस वाईट नव्हता. "बाई, लिफ्ट बंद आहे एवढंच लिहा ना," ते म्हणाले. "तुम्ही गेला नव्हता, हे वाचकाला कशाला सांगायचं? आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायचा?"

"पाय माझेच आहेत," बाई म्हणाल्या.

दुरुस्ती छापून आली. एका वाचकाने पत्र पाठवलं की तेवीस वर्षांचा विश्वास गेला. एका दालनाच्या मालकाने फोन करून मधाळ आवाजात विचारलं की त्याच्याकडचं गेल्या वर्षीचं प्रदर्शन तरी पाहिलं होतं ना. बाईंनी त्याला त्याच्या पायऱ्या, त्याच्या खिडक्या आणि कोपऱ्यातला तुटका नळ, सगळं सांगितलं. त्याने फोन ठेवला. घरी ताई म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत एकदा दांडी मारलीस, तीही जाहीर करून. तुझ्याइतकी वेंधळी विद्यार्थिनी मी पाहिली नाही." पण रात्री त्यांनी तेल गरम करून धाकट्या बहिणीचे गुडघे चोळले. हे बाईंनीच सांगितलं, जरा आश्चर्याने.

कंडक्टरांच्या बायकोचं मात्र राहिलं होतं. बाईंच्या डोक्यातून ते जाईना. शेवटी त्यांनी चित्रकार बाईंना फोन केला. प्रदर्शन रविवारी संपणार होतं. चित्रकार बाई म्हणाल्या, "उतरवायचीच आहेत. खाली नेताना वाटेत थोडा वेळ थांबवू, त्यात काय."

रविवारी दुपारी मी, कंडक्टर आणि पत्रिकावाला भाचा, तिघांनी मिळून ती चित्रं खाली आणली. कंडक्टरांना आम्ही खालचा एकच जिना दिला. वॉचमन आधी कुरकुरला, मग त्यानेच पॅसेज झाडून दिला. भिंतीच्या कडेने, टपालपेट्यांखालच्या कट्ट्यावर, एक्केचाळीस चित्रं ओळीने टेकवून ठेवली. चाकाच्या खुर्चीतून चित्रं बघायला ती उंची बरोबर होती.

कंडक्टरांची बायको गोल चेहऱ्याची, हातात रुमाल. नवरा हळूहळू खुर्ची ढकलत होता आणि ती प्रत्येक चित्रापुढे हात वर करून थांबवत होती. आम्ही सगळे मागे उभे. चित्रकार बाई भिंतीला टेकून, आमच्या बाई वॉचमनच्या खुर्चीवर. वीस मिनिटं असंच चाललं. शेवटचं चित्र झाल्यावर तिने नवऱ्याकडे मान वळवली.

"ही सगळी आपल्यासारखीच बसलीत की," ती म्हणाली. "हे बघायला दोन बस बदलून कशाला आणलंत? आपल्या दवाखान्यात फुकट दिसतं."

कंडक्टर बिचारे लाल झाले. चित्रकार बाई मात्र हसल्या, खोकला येईपर्यंत हसल्या. "खरं आहे तुमचं," त्या म्हणाल्या.

"वाईट नाहीत हो," ती घाईने म्हणाली. "माणसं अगदी हुबेहूब आहेत. पण मला मागच्या महिन्यातलं ते आवडलं होतं. पडद्यांचं."

"नदीकडच्या दालनातलं?" आमच्या बाईंनी विचारलं.

"तेच. पांढरे पडदे, आणि कुठून वारा यायचा कळायचं नाही. मध्येच एक पडदा अंगावरून जायचा."

"डावीकडून तिसरा," बाई म्हणाल्या. "त्याला खाली रफू केलेलं होतं."

"हो, निळ्या दोऱ्याने. मी यांना म्हटलं, मुद्दाम केलंय का घाईत राहिलंय. हे म्हणाले, मला रफू दिसलंच नाही."

बाईंनी वॉचमनची खुर्ची उचलून तिच्या खुर्चीजवळ नेली. दोघी त्या पडद्यांबद्दल बोलत बसल्या. मग त्याच्याही आधीच्या एका प्रदर्शनाबद्दल, जिथे जमिनीवर मीठ पसरलेलं होतं आणि चाकाची खुर्ची त्यावरून न्यायची की नाही यावरून भांडण झालं होतं. चित्रकार बाईंनी आणि भाच्याने चित्रं एकेक करून कागदात गुंडाळायला घेतली. मी दोऱ्या बांधत होतो. काम संपलं तरी दोघींचं बोलणं संपलं नव्हतं.

परतताना बसमध्ये बाई म्हणाल्या, "तुला गंमत सांगू? मी पाहिलेलं ज्याने खरंच पाहिलंय, असा माणूस मला आज पहिल्यांदा भेटला." मी म्हटलं, दालनांत इतके लोक असतात की. "ते सगळे उद्घाटनाचे. ते एकमेकांना बघतात," त्या म्हणाल्या, आणि खिडकीला डोकं टेकवून डोळे मिटले.

त्यानंतर सदर आठ महिने चाललं. वर्षाच्या शेवटी पुरवणीची चार पानं कमी झाली. दालनं आपापला मजकूर स्वतःच पाठवायला लागली, तोच थोडा कापून टाकायचा, असं ठरलं. संपादकांनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं बाई भांडतील, निदान वाईट तरी वाटून घेतील. त्यांनी फक्त कधीपासून ते विचारलं. शेवटच्या आठवड्यातली सगळी प्रदर्शनं त्यांनी पाहिली, लिहिली, ड्रॉवर रिकामा केला. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. "उभं राहावं लागतं," हे कारण.

महिन्याभराने त्यांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्याचं. मी मधूनमधून फोन करायचो. काय चाललंय विचारलं की उत्तर एकच. "झोपते रे. अजून झोप पुरी होत नाही." काही बघायला जाणार का, असं मी एकदा विचारून बसलो. त्या म्हणाल्या, एक वर्ष तरी समोर कोरी भिंत पाहिजे, आणि तिच्यावर काही टांगलं तर मी ताईला काढायला लावीन.

मग एका शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. दार ताईंनी उघडलं. दारापुढच्या दोन पायऱ्यांवर एक फळी तिरकी लावलेली दिसली, खुर्ची चढवण्यापुरती. आत कंडक्टर पेपर तोंडावर घेऊन कोचावर आडवे झाले होते, घोरत होते. बाई पलंगावर, पाय उशीवर, डोळे मिटलेले. शेजारी चाकाची खुर्ची, आणि तीत बसलेली ती हलक्या आवाजात काहीतरी सांगत होती. आदल्याच शनिवारी ते दोघं कुठेतरी जाऊन आले होते. तिथे काय होतं, कुठे ठेवलं होतं, उजेड कसा पडला होता, सगळं ती एकामागून एक सांगत होती. बाईंनी डोळे न उघडता मध्येच विचारलं, "सगळ्या एकाच मापाच्या?"

"नाही, एक लहान होती. कोपऱ्यात."

"तास झाला हे चाललंय," ताई मला दारातच म्हणाल्या. "कुणीतरी फुटक्या बशा मांडून ठेवल्यात म्हणे, त्याचं कौतुक. तू आत ये आणि बस कुठेतरी. मी चहा टाकते."